सुखदेवची सही

आमच्या आईने सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलंय की तिचा मुलगा चाव्या बनवतो. तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. ही नोकरी लागली तेव्हा तिने विचारलं, "काम कायचं आहे गा?" आणि मी ऐटीत सांगितलं, लोकांना चाव्या करून द्यायच्या आणि त्या सांभाळायला शिकवायचं. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका लोखंडी कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून दारात हजर. त्यांना मी खुर्चीवर बसवून समजावलं की माझी चावी म्हणजे एक भलामोठा आकडा असतो, तो फोनमध्ये राहतो, त्याने कुलूप उघडत नाही, त्याने सही होते. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि आईला म्हणाले, "हुशार आहे मुलगा, वहिनी. पण कपाट काही त्याच्यानं उघडत नाही."

कपाट शेवटी माझ्या बायकोने, मंदाने, केसातली पिन घालून उघडलं. तेव्हापासून आमच्या घरी माझ्या तंत्रज्ञानाला जी किंमत आहे ती तेवढीच आहे.

या लेखात हसण्यासारखं जे आहे ते बहुतेक सुरुवातीलाच आहे, तेव्हा ते आधी उरकून घेतो.

आमची कंपनी लहान. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन खोल्या, एक कूलर आणि आम्ही सहा-सात माणसं. धंदा असा की कुठेतरी कुणीतरी काहीतरी मोजतो. धान्यातला ओलावा, कोळशातली राख, बोअरच्या पाण्यातले क्षार. तो आकडा साहेबांपर्यंत जायला निघतो आणि वाटेत दोन-तीन टेबलांवर विसावा घेतो. तेवढ्या विसाव्यात आकडा बदलतो. असं होऊ नये म्हणून मोजणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही त्याची स्वतःची चावी करून देतो. ती ज्या ॲपमध्ये राहते त्याला वॉलेट म्हणतात. वॉलेट म्हटल्यावर लोक आत पैसे शोधतात, मग माझ्याकडे बघतात. त्या नजरेची मला सवय झाली आहे.

चावी गुप्त. तिच्यापासून एक पत्ता तयार होतो, तो मात्र उघडा, सगळ्यांनी पाहावा असा. माणसाने आकडा लिहिला आणि सही करा म्हटलं की चावी त्या आकड्यावर अक्षरांची एक लांबलचक ओळ काढून देते. ती सही. पुढे कुणालाही तपासायचं असेल तर तीन गोष्टी लागतात: आकडा, सही आणि पत्ता. तिन्ही जुळले तर पडद्यावर हिरवी खूण येते. मधे कुणी आकड्यातलं एक टिंब जरी हलवलं असेल तर लाल. दिवसभराच्या सगळ्या सह्यांचा मिळून एक ठसा काढतात आणि तो ब्लॉकचेनवर टाकतात. ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी हजारो ठिकाणी ठेवलेली नोंद. एका ठिकाणी खाडाखोड केली तर बाकीच्या ठिकाणांशी ती जुळत नाही आणि चोरी उघडी पडते.

पत्त्यावरून चावी काढता येत नाही का, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतोच. त्याला मी आईच्या काळ्या मसाल्याचं उदाहरण द्यायचो. आमच्या गल्लीत मटणाचा रस्सा कुणाच्या घरचा आहे हे बोट चाटून सांगणारी माणसं आहेत. आईचा मसाला तर कुणीही ओळखेल. पण चाटून मसाल्यात काय किती घातलंय ते कुणाला काढता आलेलं नाही. ओळखता येतं, बनवता येत नाही. एवढं सांगितलं की माणसं माना डोलवायची आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघायची.

फोन हरवला तर चावी परत मिळावी म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते एका क्रमाने कागदावर लिहायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत. हे बारा शब्द ज्याच्याकडे, त्याच्याकडे चावी. त्याला विचारणारं वर कुणी नाही. बँकेत जाऊन रडता येतं, तसं इथे रडायला खिडकीच नाही.

आणि एक गोष्ट मी सांगायचो, पण वर्ग संपता संपता, घाईत. ही सही आकडा खरा आहे असं सांगत नाही. ती इतकंच सांगते की या चावीने हा आकडा दिला आणि नंतर तो बदलला नाही. ही गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती. त्याऐवजी आमच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं: चावी खोटं बोलत नाही. ते वाक्य माझं. साहेबांनी त्याबद्दल मला भर मीटिंगमध्ये शाबासकी दिली होती आणि मी घरी जाताना संत्राबर्फी नेली होती.

वर्गाच्या शेवटी मी प्रत्येकाला सरावासाठी मनाला येईल ते एक वाक्य लिहून त्यावर सही करायला लावायचो. बहुतेक जण 'टेस्ट' लिहायचे किंवा 'हॅलो'. रामटेककडच्या एका भाताच्या गिरणीतल्या चौकीदाराने लिहिलं, 'मी आज कामावर आलो नाही.' पुढे त्याचा त्या दिवशीचा खाडा मांडला गेला, तेव्हा तो हजर असल्याचा पुरावा म्हणून हीच सही घेऊन साहेबांकडे गेला. सही त्याचीच होती, वेळ तीच होती, गिरणीही तीच. साहेब बराच वेळ ते वाक्य वाचत बसले म्हणे.

तशाच एका वर्गात मला सुखदेव भेटला.

एक खासगी प्रयोगशाळा होती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. कारखान्यांच्या आसपासच्या गावांतल्या बोअरचं पाणी तपासायचं काम तिच्याकडे होतं. पाणी आणणारी माणसं मोटरसायकलवर फिरायची. पाठीवर पिशवी, पिशवीत नमुन्याच्या बाटल्या आणि पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर. पिशवी रात्री घरीच असायची, कारण सकाळी घरून निघायचं ते थेट बोअरवर. घराचा उंबरठा ओलांडला की ड्युटी सुरू, असा तिथला नियमच होता. बोअरवर पोचायचं, आधी बाटली भरायची, मग मीटर बुडवायचं, आकडा फोनवर लिहायचा, सही करायची. पहिली नोंद ठरल्या वेळेत आली नाही की त्या दिवसाचा खाडा. हा खाडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

सुखदेव चाळिशीचा, सावळा, शर्टाचं वरचं बटणही लावणारा माणूस. बारा शब्द त्याने कागदावर इतक्या वळणदार अक्षरात उतरवले की मी तो कागद वर्गाला दाखवणार होतो. मग आठवलं की तो दाखवायचा नसतो. सरावाचं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा बाकीचे 'टेस्ट' लिहून मोकळे झाले आणि हा विचार करत बसला. नुकतीच जेवणाची सुट्टी झाली होती. शेवटी त्याने लिहिलं:

'आज डब्यात वांगे. मीठ जास्त झालं. शीलाले सांगाचं नाही.'

सही केली, मी तपासली, हिरवी खूण आली. मग म्हणाला, "सर, हे पुसता येते ना?"

म्हटलं, नाही. आज संध्याकाळी याचा ठसाही ब्लॉकचेनवर जाईल. आता तुम्ही गेलात, मी गेलो, तरी हे राहील.

"म्हणजे घरी समजलं तर माह्यं काही खरं नाही."

शेजारी बसलेला गजानन म्हणाला, "दिवसभर लोकाइच्या पाण्यातलं मीठ मोजते, अन् घरचं मीठ मोजलं त भेते." सगळा वर्ग हसला. गजानन आणि सुखदेव जोडीचे. दोघांच्या बोअर शेतांच्या अलीकडे-पलीकडे, दोघांची गावंही जवळजवळ. कामावर येताना-जाताना मागेपुढे असायचे.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला ती गोष्ट घडली. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, तसं या लोकांनी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मीटर, बाटल्या आणि मोटरसायकलच्या किल्ल्या मांडल्या. सुखदेव बौद्ध. त्या दिवशी तो बायकोमुलीला घेऊन दीक्षाभूमीवर गेला होता. सकाळपासून तिथे लोकांना पाणी वाटायचं काम दरवर्षी त्याच्याकडे असायचं. त्याची पिशवी मात्र आदल्या दिवशी मीटर दुरुस्तीसाठी ऑफिसात राहिली होती. जोडीदाराची हत्यारं पूजेवाचून कशी ठेवायची, म्हणून गजाननने ती पिशवी उघडली आणि आतलं सगळं नीट मांडलं. मीटर, बाटल्या आणि घडी करून ठेवलेला तो वळणदार अक्षरातला कागदही. गजाननचं म्हणणं, या कामाचं खरं हत्यार तेच होतं. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला आणि फोटो ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सुखदेवने पिशवीतलं कुंकू झटकलं आणि म्हणाला, "माह्या मीटरले तुमी देवच करून टाकलं." तेवढ्यावर संपलं. मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर ती चावी त्याच दिवशी रद्द करून नवी दिली असती, चहा पिऊन होईस्तोवर होणारं काम.

नंतर जे झालं ते वाईट हेतूने झालं नाही. सुखदेवची मुलगी आजारी होती म्हणून एका सकाळी त्याला उशीर होणार होता. त्याने गजाननला फोन केला. गजाननकडे तो फोटो होता. फोटोतले बारा शब्द त्याने आपल्या फोनमध्ये भरले आणि सुखदेवची चावी त्याच्याही फोनमध्ये उघडली. शेत ओलांडून तो सुखदेवच्या बोअरवर गेला, आकडा मोजला आणि सुखदेवच्या नावाने सही केली. खाडा वाचला. मग गजाननने आपलेही बारा शब्द सुखदेवला दिले; पुढे कधी सुखदेवने गजाननचं काम निभावलं, कधी उलट. हजेरी लावून देणं यात त्यांना खोटं काही वाटत नव्हतं, कारण पाणी खरोखरच मोजलेलं असायचं. बोअर खरी, आकडा खरा, चावी खरी. फक्त माणूस दुसरा.

मग पुढच्या वर्षीची एक थंडीची सकाळ आली. हिंगण्याकडचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. समोरच्या मोटरसायकलचा लाल दिवाही दिसत नाही. सुखदेव घरून निघाला आणि बोअरवर पोचायच्या आधी, वाटेतल्या वळणावर, एका ट्रकने त्याला उडवलं. तो जागीच गेला.

त्याच सुमारास गजानन आपल्या बोअरवर उभा होता. सुखदेवला फोन लावला, उचलला नाही. गाडी चालवत असेल, धुक्यात वेळ चुकेल म्हणून तो शेत ओलांडून सुखदेवच्या बोअरवर गेला, मोजलं, त्याच्या नावाने सही केली आणि चहाला गेला. टपरीवर त्याला बातमी कळली.

मला बोलावणं आलं ते महिनाभराने. सुखदेवच्या बायकोचा, शीलाताईंचा, अर्ज होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माणूस कामावर जाताना गेला, तसं प्रयोगशाळेने लिहून द्यावं. ते लिहून मिळालं की त्यांना त्याच्या जागी नोकरी मिळणार होती. न मिळालं तर घरात कमावणारं कुणी नव्हतं, आणि मुलगी दहावीला होती. प्रयोगशाळेचं म्हणणं वेगळं. त्या सकाळी सुखदेवची सही आलेली आहे, म्हणजे तो बोअरवर पोचला होता. तरी अपघात झाला बोअरच्या अलीकडच्या वळणावर. म्हणजे पहिली नोंद करून तो कुणाला न सांगता घराकडे परत निघाला होता. म्हणजे कामावर नव्हता.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे मॅनेजर साहेब आणि त्यांचे वकील, अलीकडे शीलाताई आणि त्यांचा भाऊ. भिंतीवर आमचं पोस्टर. मी पोस्टरकडे पाठ करून बसलो.

मॅनेजर म्हणाले, "सर, तुम्ही फक्त तपासून सांगा."

मी लॅपटॉप उघडला. आकडा टाकला, सही टाकली, सुखदेवचा पत्ता टाकला. हिरवी खूण आली.

"सही बरोबर आहे," मी म्हणालो.

शीलाताईंनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून टेबलावर ठेवली. पोलिसांनी परत दिलेली तीच पिशवी. त्यातून त्यांनी एक एक बाटली काढून ओळीने मांडली. सगळ्या कोरड्या, झाकणं घट्ट.

"हे पहिले बाटली भरत. मंग मोजत. घरी मले दहा वेळा सांगत," त्या म्हणाल्या. "पोचले असते त एक तरी बाटली ओली राह्यली असती ना. ते पोचलेच नाहीत."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने बाटल्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, पिशवी इतके दिवस तुमच्या घरी होती." मग त्याने माझ्या पाठीमागे, भिंतीकडे पाहिलं. "सर, हे वाक्य तुमचंच ना?"

माझंच, म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

त्या रात्री मी जेवताना गप्प होतो. आमच्या घरी मी गप्प असलो की लोक आधी माझ्या पोटाची चौकशी करतात. आईने ओवा काढून दिला. मंदाने मात्र काय झालं ते विचारून घेतलं. मी म्हटलं, दोन्हीकडे खरं दिसतंय. बाई खोटं बोलत नाही आणि सही तर खोटं बोलूच शकत नाही. आई तेव्हा रस्सा चाटत होती. ती म्हणाली, मसाला आज बरोबर जमलाय. मंदा सहज म्हणाली, "दोन वर्षं झाली, मसाला मीच करते. आईंचं मनगट दुखते तेव्हापासून. त्यांनीच सांगितलं किती काय घालाचं ते. पूर्ण गल्ली अजून त्यांच्याच हातचा समजते."

मी हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं वर्गावर्गांत मी तो मसाला वाटत हिंडलो होतो, आणि घरात तो कोण करतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गजाननला गाठलं. वसाहतीच्या फाटकाबाहेर टपरी आहे, तिथे तो एकटाच उभा होता. मी फक्त विचारलं, सुखदेवचे बारा शब्द आणखी कुणाकडे होते? त्याने फोन काढला, दसऱ्याचा फोटो उघडला आणि माझ्यासमोर धरला. हळद, कुंकू, झेंडू आणि मधोमध तो कागद.

"पूजा केली होती, सर," तो म्हणाला. "मले काय माहीत, त्यात काय पुजून राहिलो."

नंतर त्याने सगळं सांगितलं, ते मी वर लिहिलं आहे. तो थांबत थांबत बोलत होता. आपण बोललो तर नोकरी जाईल हे त्याला ठाऊक होतं. घरी म्हातारे आईवडील, दोन लहान पोरं. दुसऱ्याच्या नावाने सही केली म्हणून पोलिसांतही देतील, अशी त्याला भीती होती. मी त्याला बोल असंही म्हटलं नाही, बोलू नको असंही म्हटलं नाही. सहीत फोन कुणाचा, हात कुणाचा, काही नोंदलेलं नसतं. माझ्या लॅपटॉपला आयुष्यभर विचारलं असतं तरी त्याने हिरवी खूणच दाखवली असती. या सगळ्या यंत्रणेत ते फक्त गजाननच्या तोंडात होतं, आणि तोंड त्याचं होतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनीनं बाटल्या मांडल्या म्हणते, सर. ओळीनं."

पुढच्या चौकशीला तो आला. बोलावलं नव्हतं तरी आला. दाराशी चप्पल काढून, पूजेच्या घरात यावं तसा आत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "त्या दिवशीची सही माही आहे. सुखदेव पोचला नव्हता. मी त्याचा खाडा वाचवाले गेलो होतो." शीलाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर तोंडाशी धरून त्या टेबलाकडे बघत राहिल्या.

वकिलांनी लगेच विचारलं, अशा सह्या आणखी किती? गजानन म्हणाला, आठवत नाही. सुखदेवच्या नावाच्या कोणत्या सह्या सुखदेवच्या आणि कोणत्या तुमच्या, ते सांगता येईल? तो म्हणाला, नाही. मग त्यांनी मला विचारलं. मीही नाही म्हणालो.

पत्र मिळालं. सुखदेव कामावर जात असताना गेला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या खाली दुसरा परिच्छेद होता. सदर पत्त्याची चावी एकाहून अधिक व्यक्तींकडे असल्याचं निष्पन्न झाल्याने, त्या पत्त्यावरून झालेली कोणतीही नोंद सुखदेव यांची आहे असं धरता येणार नाही. दसऱ्याआधीच्या नोंदीही नाहीत, कारण कागद तेव्हाही पिशवीतच होता आणि तो तेव्हा कुणी पाहिला नसेल हे कोण सांगणार.

त्याच्या बोअरचं पाणी हळूहळू खारट होत चाललं होतं. दोन वर्षांच्या त्याच्या आकड्यांत ते सरळ दिसत होतं, त्या गावच्या लोकांना ते उपयोगी पडणार होतं. आता ते आकडे कुणाचेच नव्हते.

शीलाताईंनी पत्र भावाकडून दोनदा वाचून घेतलं. मग मला म्हणाल्या, "म्हणजे ते कामावर होते, हे लिहून देलं. अन् त्यायनं काम केलं, हे काढून घेतलं."

मी त्यांना कायद्याचं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही, आठवण्यासारखं नसणार.

गजाननची नोकरी गेली. पोलिसांत कुणी दिलं नाही, तेवढं बरं झालं. आता तो कोराडीकडे, वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकवर क्लीनर आहे. एकदा दिसला होता सिग्नलला, अंगभर राख. हात केला, मीही केला, सिग्नल सुटला.

आमच्या कंपनीने पोस्टर काढलं. नवं लावलं आहे, त्यावर फक्त कंपनीचं नाव आणि फोन नंबर आहे. साहेबांनी मला वाक्य सुचवायला सांगितलं होतं, मी सुचलं नाही म्हणून सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शीलाताई कामावर रुजू झाल्या. मोटरसायकल येत नव्हती म्हणून स्कूटर. बोअर तीच, पिशवी तीच, बाटल्याही त्याच. त्यांची चावी करून द्यायला मीच गेलो. वर्गात त्या एकट्याच होत्या. मी सगळं सावकाश सांगितलं. वर्ग संपता संपता जे घाईत सांगायचो ते यावेळी आधी सांगितलं: सही म्हणजे खरेपणा नाही. मसाल्याचं उदाहरण दिलं नाही. बारा शब्द त्यांनी लिहिले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. कागद त्यांनी पिशवीत ठेवला नाही, घडी करून कनवटीला लावला.

मग त्या म्हणाल्या, "सर, त्यायची एकही सही पक्की नाही का? एकही?"

मी आधी नाही म्हणणार होतो. मग आठवलं.

एक होती. माझ्या समोर, माझ्या वर्गात, चावी तयार झाल्याबरोबर केलेली. कागदाची घडीही अजून घालायची होती तेव्हाची. त्या संध्याकाळी तिचा ठसा ब्लॉकचेनवर गेला होता, म्हणजे ती नंतर कुणी घुसडलेली नाही. आणि हात कुणाचा होता ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरावाची वाक्यं पाण्याच्या नोंदींत धरत नाहीत, म्हणून ती रद्द करायचंही कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या वर्गाच्या सगळ्या 'टेस्ट' आणि 'हॅलो'मध्ये ती पडून होती.

"आहे," मी म्हणालो. "पण त्यात पाण्याचं काही नाही."

"दाखवा."

मी वाक्य काढलं, सही लावली, पत्ता टाकला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हिरवी खूण आली होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एक एक अक्षर लावत वाचलं. डब्यात वांगे. मीठ जास्त झालं. शीलाले सांगाचं नाही.

"हे तुमी पाह्यलं? त्यायनंच लिहिलं?"

"माझ्यासमोर. आणि पुसता येते का म्हणून विचारलं होतं."

बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, कंपनीची बस फाटकातून वळून गेली. मी कूलरमध्ये पाणी आहे की नाही ते बघून आलो. होतं.

परत आलो तेव्हा त्या फोनवर काहीतरी लिहीत होत्या, एका बोटाने, खाली मान घालून. मी त्यांना सरावाचं वाक्य लिहायला अजून सांगितलंही नव्हतं. लिहून झालं, त्यांनी सही केली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "तपासा, सर."

वाक्य होतं: 'मीठ बरोबर होतं.'

मी तपासलं. सही बरोबर आहे.